कीबोर्डवरील बासरीने श्वास कोठे घ्यावा?



गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचे अंदाजपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी सांगलीच्या पेठेतला आडत्या. हळदीच्या पोत्याचे वजन आणि खर्चाची प्रत्येक ओळ, दोहोंकडे बारकाईने पाहण्याची सवय अंगी मुरलेली. संगीतसंध्येच्या खर्चात चार नोंदी होत्या : तबला-ढोलकी, कीबोर्ड, बासरी आणि व्हायोलिन. त्यांपैकी शेवटच्या दोन नोंदींवर मी काट मारली. ‘‘कीबोर्डमध्ये बासरीही आहे आणि व्हायोलिनही आहे. एकाच मालाचे पैसे दोनदा कशाला मोजायचे?’’ असा माझा युक्तिवाद होता. कार्यकारिणीत कोणीही हरकत घेतली नाही. पाच हजार रुपये वाचले. त्याच बैठकीत प्रवेशद्वारावरील फुलांच्या सजावटीसाठी त्याहून मोठी रक्कम एकमताने मंजूर झाली; त्यात मला काही विसंगत वाटले नाही.

ज्यांच्या नावापुढे काट पडली ते बासरीवादक मिरजेचे. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. बारा वर्षे ते आमच्या रंगमंचावर येत होते. व्हायोलिनवादक दरवर्षी बदलत. अण्णा मात्र ठरलेले. त्यांना मी दूरध्वनीवरून कळविले. ते एवढेच म्हणाले, ‘‘बरं शेठ, जशी तुमची सोय.’’

कीबोर्डवर बसणार होता माझा पुतण्या. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा दुपारी पेढीवर जमाखर्च लिहितो आणि रात्री कीबोर्डचा सराव करतो. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असता तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘काका, यंत्रात बासरी आहे हे खरं, पण माझ्या हातात ती नाही.’’ मग त्याने एका जुन्या भावगीताचा आरंभीचा बासरीचा तुकडा वाजवून दाखविला. आवाज अगदी बासरीचा. एकेक स्वर सुटा ऐकला तर दोष काढता येऊ नये. तरीही सबंध ओळ ऐकताना कोठेतरी दाराची घंटा वाजत असल्याचा भास झाला. नमुना अस्सल आणि पोते उघडल्यावर माल वेगळा, असा तो प्रकार होता.

असे का व्हावे? या एका प्रश्नाने पुढचे तीन आठवडे आम्हा काका-पुतण्यांना कामाला लावले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे मांडतो. कारण आपल्या बहुतेक मंडळांत, विवाहाच्या संगीत कार्यक्रमांत आणि शाळांच्या संमेलनांत आता एका कीबोर्डवर सारा वाद्यवृंद उभा केला जातो.

पट्ट्यांच्या वाद्यावर दुसऱ्या वाद्याची छबी उमटविण्याचे आपल्याकडील सर्वांत गाजलेले उदाहरण १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटाचे. संगीतकार हेमंतकुमार. त्या चित्रपटातील पुंगीने साऱ्या देशाला वेड लावले. प्रत्यक्षात ती गारुड्याची पुंगी नव्हती. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हियोलिन नावाच्या विद्युत् वाद्यावर वाजविली होती आणि हेमंतकुमारांचे सहायक रवी यांच्या हार्मोनियमची तिला जोड होती. पुढे ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडीने कीर्ती मिळविणारे हे बंधू कच्छहून मुंबईला आलेल्या किराणा व्यापाऱ्याचे पुत्र. वडिलांच्या दुकानाची उधारी फेडू न शकलेल्या एका संगीतशिक्षकाने पैशांच्या बदल्यात मुलांना शिकविले, अशी आठवण सांगितली जाते. उधारी वसूल करण्याचा याहून फलदायी मार्ग आपल्या व्यापारात क्वचितच कोणाला सापडला असेल!

क्लॅव्हियोलिन हे वाद्य फ्रान्समधील अभियंता कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये तयार केले. सुमारे तीन सप्तकांच्या पट्ट्या, पोत बदलण्यासाठी काही खटके, कंपनाची सोय आणि आवाज कमी-अधिक करण्यासाठी गुडघ्याने हलवायची दांडी, असा त्याचा सरंजाम. एका वेळी त्यातून एकच स्वर निघे. आजच्या यंत्रांपुढे हे वाद्य अगदीच गरीब. तरीही त्यावरची पुंगी आज सात दशकांनंतरही खरी वाटते. याचे कारण पुंगीच्या स्वभावात आहे. गारुडी गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, फुंक न तोडता वाजवतो. त्यामुळे पुंगीचा स्वर सलग वाहतो आणि स्वरांमधले अंतर बोटांच्या झटक्यांनी दाखविले जाते. वादकाने हा स्वभाव ओळखला आणि न तुटणाऱ्या आवाजाच्या यंत्राकडून नेमके तेच काम करून घेतले. पुंगीच्या नादाइतकीच त्याने तिची चालही उचलली.

आपल्या घराघरातील पेटीचा इतिहास हेच सांगतो. हार्मोनियमच्या पट्ट्यांवर मींड निघत नाही आणि तिचे ठराविक स्वर आपल्या रागसंगीताला पुरे पडत नाहीत, या आक्षेपांमुळे १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दारे बंद केली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप निराधार नव्हते. सर्व पट्ट्यांत समान अंतरे ठेवल्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. तरीही महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्याच पेटीतून गायकी उभी केली. मींड निघत नाही हे त्यांना माहीत होतेच. म्हणून त्यांनी कणस्वर, दोन पट्ट्यांवरून बोट घसरत नेण्याची लकब आणि भात्यावरील हाताचा दाब यांतून मींडेचा आभास दिला. भात्याची ही हवा म्हणजे पेटीचा श्वास. गायक दम घेतो तेथे भाता सैल सोडणारा साथीदार आणि दोन हातांनी नुसत्या पट्ट्या दाबत सुटणारा साथीदार यांतील भेद आपले कान लगेच ओळखतात.

आता आजच्या कीबोर्डकडे वळू. क्लॅव्हियोलिनमध्ये आवाज विजेच्या मंडलातून निर्माण होत असे. १९६३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचे वाद्य आले. त्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे आणि त्यावर खऱ्या वादकाने वाजविलेला तो स्वर मुद्रित केलेला असे. फीत सुमारे आठ सेकंदांची. ती संपली की स्वरही संपे. आज फितीची जागा संगणकीय स्मृतीने घेतली आहे, तत्त्व मात्र तेच. या तंत्राला सॅम्पलिंग म्हणतात. आम्हा आडत्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पोत्यातून मूठभर माल काढून दाखवितो तोच हा नमुना. कीबोर्डवर बासरीचे बटण दाबून आपण पट्टी दाबतो तेव्हा अनेकदा एखाद्या खऱ्या बासरीवादकाची कधीकाळी मुद्रित झालेली फुंक ऐकू येते. स्वर त्याचा असतो. पण त्या स्वराकडून पुढच्या स्वराकडे जाण्याची त्याची वाट त्या मुठीत आलेली नसते. पुतण्याच्या बासरीची दाराची घंटा झाली होती ती येथे.

ही वाट वादकाला स्वतः तयार करावी लागते. त्यासाठी यंत्रात साधने आहेत, पण ती कधी आणि किती वापरावीत हे खऱ्या वाद्याकडूनच शिकावे लागते. पुतण्याने हे शिकण्यासाठी जो मार्ग निवडला तो मला अनपेक्षित होता. मला न सांगता तो एका रविवारी मिरजेला गेला आणि अण्णांच्या दारात उभा राहिला.

‘‘अण्णा, काकांनी तुमचं मानधन कापलं आणि तुमचं काम मला दिलं. ते मला जमत नाही. शिकवाल का?’’ असे त्याने स्वच्छ विचारले, हे मला नंतर कळले. अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी त्याला आत घेतले आणि कीबोर्ड गाडीतच ठेवायला सांगितले. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्या हातात बासरी दिली. अर्धा तास फुंकूनही धड स्वर निघाला नाही. चक्कर मात्र आली. ‘‘आता कळलं का, एका ओळीला किती वारा लागतो?’’ अण्णा म्हणाले. दुसऱ्या रविवारी त्यांनी तो तुकडा त्याच्याकडून गाऊन घेतला आणि वहीत श्वासाच्या जागांवर खुणा करविल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी कीबोर्ड उघडू दिला. अट एकच : वाजविताना ओठांतून हळूहळू श्वास सोडत राहायचे आणि श्वास संपला की बोट उचलायचे, मग पुढचा स्वर कितीही गोड असो.

या एका अटीने निम्मे काम झाले. उरलेले निम्मे तपशिलांचे होते. आपल्या घरी कोणी मूल कीबोर्ड वाजवीत असेल तर हे तपशील उपयोगी पडावेत म्हणून क्रमाने लिहितो.

बासरी एका वेळी एकच स्वर देते आणि तिचा पल्ला साधारण अडीच सप्तकांचा असतो. म्हणून यंत्र एकस्वरी पद्धतीवर ठेवावे आणि त्या पल्ल्याबाहेर जाऊ नये. दोन पट्ट्या एकदम दाबल्या की दोन बासऱ्या वाजतात आणि ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. पट्टी जोरात दाबल्याने स्वराची सुरुवात मोठी होते. पण बासरीचा स्वर बहुधा सुरू झाल्यावर फुलतो. ते फुलणे बोटाने येत नाही, पायाखालच्या पेडलने आवाज हळूच उघडावा लागतो. कंपनही आरंभापासून देऊ नये. स्वर आधी सरळ उभा राहावा, मग त्याने डोलावे.

सतार वाजवायची तर हिशेब निराळा. छेडलेली तार लगेच विरू लागते, म्हणून लांबलचक धरलेला सतारीचा स्वर खोटा वाटतो. पडद्यावर तार बाजूला ओढली की स्वर चढतो. उतरत्या मींडेसाठीसुद्धा वादक आधी तार ओढून ठेवतो आणि मग सोडतो. कीबोर्डच्या डावीकडे स्वर वाकविणारी दांडी असते. सतारीसाठी ती वर ढकलून सोडावी, खाली दाबू नये. तिचा पल्ला बहुधा दोन अर्धस्वरांचा ठेवलेला असतो. तो गाण्याच्या गरजेप्रमाणे आधीच ठरवून घ्यावा. संतूरवर ही दांडी वापरूच नये, कारण कलमांनी आघात केलेल्या तारेवर मींड येत नाही. तेथे स्वर लांबवायचा तर हलके, जलद आघात करावेत.

व्हायोलिनांचा समूह वाजविताना आणखी एक अडचण येते. तो आवाज संथपणे उमलतो. तालावर बोट ठेवले तर स्वर मागाहून पोहोचतो आणि तबलजी नजर रोखून पाहू लागतो. म्हणून बोट तालाच्या किंचित आधी टेकवावे लागते. डाव्या हाताचे स्वर मोकळे, दूर दूर ठेवावेत. पेटीवर दाबतो तसे जवळजवळचे तीन स्वर समूहाला गढूळ करतात. यंत्रात स्वरांची अंतरे बदलण्याची सोय असेल तर तो चौदा भागांचा गंधारही खाली आणता येतो. रंगमंचावर दुसरी संधी नसते. मुद्रणालयात चुकलेला तुकडा पुन्हा घेता येतो. येथे बासरी संपवून सतारीचे बटण दाबायला दोन मात्रांचा अवकाश मिळतो आणि तेवढ्यात समोरचे चारशे लोक ऐकत असतात. म्हणून सारे आवाज गाण्यांच्या क्रमाने यंत्राच्या स्मृतीत आधीच लावून ठेवावेत.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी अण्णांकडच्या शिकवणीची हकिकत मला कळली. खरे सांगतो, प्रथम मला राग आला. मग लाज वाटली. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडविणारी कुटुंबे आहेत; तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा वाद्यांच्या गावाशेजारी राहून मी वादकाला ‘दुबार खर्च’ ठरविले होते. मी अण्णांकडे गेलो, क्षमा मागितली आणि प्रमुख पाहुणे म्हणून यावे अशी विनंती केली. ‘‘पाहुणा नको, श्रोता म्हणून येतो. पाहुण्याला मध्येच उठता येत नाही,’’ ते हसून म्हणाले.

ते आले. तिसऱ्या रांगेत कडेला बसले. बासरी आणली नव्हती. त्या भावगीताची पाळी आली तेव्हा पुतण्याने ध्वनिक्षेपक हाती घेतला. मला हे ठाऊक नव्हते. तो म्हणाला, ‘‘या गीतातली बासरी मी कीबोर्डवर वाजवणार आहे. ती खरी बासरी नाही. जे थोडं खरं वाटेल ते समोर बसलेल्या अण्णांनी शिकवलेलं आहे.’’ आणि तो तुकडा त्याने वाजविला. ओळीच्या मध्यावर स्वर थांबला, क्षणभर काहीच नव्हते, आणि पुन्हा सुरू झाला. त्या क्षणी सभागृहातील अनेकांनी नकळत श्वास घेतला असावा. मी घेतला हे नक्की.

कार्यक्रमानंतर पुतण्या अण्णांच्या पाया पडला. अण्णा म्हणाले, ‘‘दुसऱ्या कडव्याआधी तू जिथे श्वास घेतलास, तिथे मी घेतला नसता. बाकी ठीक.’’ मुलाने ती जागा त्याच रात्री वहीत खोडून दुरुस्त केली.

वाचकहो, अनुकरण हा गुन्हा नव्हे. वनस्पती तूप वनस्पती म्हणून विकणारा प्रामाणिकच असतो. साजूक म्हणून विकतो तेव्हा पेढीची पत जाते. कीबोर्डवरील बासरीलाही हाच न्याय लावावा. वादकाने मूळ वाद्याचा श्वास, ताण, मर्यादा समजून घेतली आणि ऐकणाऱ्यांना काय ऐकवितो आहे ते लपविले नाही, तर ती एक स्वतंत्र कला आहे. लहान गावातील मंडळाला ती मोठा वाद्यवृंद देते. पण ‘यंत्रात सर्व आहे’ असे म्हणून आपण वादकाला हाकलतो तेव्हा दोघांचे नुकसान होते. मूळ वाद्य ऐकायलाच मिळाले नाही तर पुढच्या पिढीचा कीबोर्डवादक कशाचे अनुकरण करणार? पोतेच उरले नाही, तर नमुना कशाचा?

हिंदी चित्रपटांच्या मुद्रणात एके काळी पन्नास, साठ, कधी शंभर वादक एकत्र बसत. कीबोर्ड आणि संगणक आल्यावर ती दालने ओस पडत गेली. काळाचा तो ओघ आपण थांबवू शकत नाही. आपल्या मंडळाचे अंदाजपत्रक मात्र आपल्याच हाती असते. त्यात तीन गोष्टी सहज करता येतील. ज्या गीताचा प्राणच बासरी किंवा सनई असेल त्यासाठी तो वादक बोलवावा, मग दोन गीतांपुरता का होईना. कीबोर्डवादक चार वाद्यांचे काम करणार असेल तर त्याला एका वाद्याचे मानधन देऊ नये आणि तालमीला पुरेसा वेळ द्यावा. आणि निवेदकाने वादकाचे नाव घेताना तो काय वाजविणार आहे तेही सांगावे.

यंदाच्या अंदाजपत्रकाची बैठक गेल्या आठवड्यात झाली. फुलांची सजावट निम्म्यावर आणली आहे. बासरीची नोंद परत आली आहे, आणि तिच्यापुढे गेल्या वर्षीच्या तीन रविवारांचे शिकवणीशुल्क वेगळ्या ओळीत लिहिले आहे. अण्णा ते घेतील की नाही, मला शंका आहे. पण ते देणे आमच्या खात्यावर आहे, आणि देणे लिहून ठेवण्याची आपली रीत जुनी आहे.

पुढील अंकी भेटूच. जय जिनेंद्र.